त्वचा, घाम आणि पाणी
(इयत्ता ४ थी व ५ वी यांसाठी आरोग्यशिक्षणाचा एक पाठ)

आरोग्याचा पाठ घेताना दात, केस, नखे व स्वच्छ कपडे यांवर शिक्षकांचा भर असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु शरीराचा जो अवयव सर्वांत मोठा व सर्वांत उघडा, त्या त्वचेविषयी मात्र ‘रोज स्नान करावे’ या एका वाक्यापलीकडे पाठ सहसा जात नाही. त्वचेचा पाण्याशी असलेला संबंध तर बहुधा सांगितलाच जात नाही. आपल्या जिल्ह्यांत पौष-माघातील कोरडे वारे, वैशाखातील ऊन व पावसाळ्याच्या आरंभीचे जुलाब या तिन्ही वेळी मुलांच्या शरीरातील पाण्याचा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे येतो, आणि तिन्ही वेळी तो त्वचेवर वाचता येतो. हे वाचन शिक्षकाला यावे व त्याच्याकडून मुलांना यावे, हा या पाठाचा हेतू होय.

१. शिक्षकाने पाठापूर्वी जाणून घ्यावयाची माहिती

त्वचेचे दोन प्रमुख थर आहेत. आतील थर जाड असून त्यात रक्तवाहिन्या, ज्ञानतंतू, घर्मपिंड व केसांची मुळे असतात. बाहेरील थर पातळ असतो. त्या बाह्य थराच्याही अगदी वरच्या भागात मृत पेशींचा एक पापुद्रा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. तळहात व तळपाय वगळता त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकीच भरते. हा पापुद्रा विटांच्या भिंतीसारखा आहे, असे समजावे. चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. भिंत शाबूत असेल तर आतील पाणी बाहेर झिरपत नाही व बाहेरील रोगजंतूंचा आत शिरकाव होत नाही. जुन्या पेशी झडत असतात व खालून नव्या येत असतात. बाह्य थराची अशी नवी भरती होण्यास सुमारे चार आठवडे लागतात.

त्वचेच्या खोल भागात पाण्याचे प्रमाण पुष्कळ असते. वरच्या पापुद्र्यात मात्र ते थोडे असते; आणि ते सुमारे दहा टक्क्यांच्या खाली गेले, की पापुद्रा ताठर व ठिसूळ होतो. त्याला बारीक चिरा पडतात, कोंड्यासारखी पांढरी साल सुटते. हिवाळ्यात मुलांच्या पोटऱ्यांवर नखाने ओढलेली रेघ पांढरी उमटते ती यामुळेच. ओठ फुटतात व टाचांना भेगा पडतात त्यांचेही मूळ येथेच आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. त्वचेला मऊपणा येतो तो तेलाने की पाण्याने? अमेरिकेतील इर्विन ब्लँक या संशोधकाने १९५२ साली याचा उलगडा केला. त्याने पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेतले. तेलात ठेवलेले तुकडे तसेच ताठर राहिले. पाणी शोषलेले तुकडे मात्र लवचिक झाले. त्यावरून सिद्ध झाले, की त्वचेला मऊपणा देणारे द्रव्य पाणीच होय. मग तेलाचे काम काय? मिळालेले पाणी उडून जाऊ न देणे हे तेलाचे काम. तेल हे झाकण आहे. पाणी हा झाकणाखालील ठेवा आहे. आपल्याकडील वृद्ध स्त्रिया ‘अंग ओले आहे तोच तेल लाव’ असे नातवंडांना सांगतात, त्यामागील मर्म हेच आहे.

घामाचे कार्य

माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लक्ष घर्मपिंड असतात. शरीर तापले की ते रक्तातील पाणी व थोडे मीठ त्वचेवर आणून सोडतात. घाम नुसता ओघळून गेल्याने शरीर थंड होत नाही. तो त्वचेवरून वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. ही उष्णता किती, याची कल्पना यावी म्हणून असे सांगता येईल, की तेवढ्या उष्णतेने साधे थंड पाणी सुमारे सात लिटर उकळेल. एवढे मोठे काम त्वचा मुकाट्याने करीत असते.

हे समजावण्यास घरातील माठासारखे दुसरे साधन नाही. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने ते वाळते आणि आतील पाणी गार होते. विदर्भात उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून माठातील पाणी चांगले गार होते. कोकणात हवा दमट असते म्हणून ते तितके गार होत नाही. त्वचेचेही तसेच आहे. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घामोळ्या उठतात. उलट कोरड्या उन्हात घाम आल्याबरोबर वाळून जातो. त्यामुळे ‘मला घाम येतच नाही’ असे मुलाला वाटते, आणि शरीरातील पाणी मात्र न कळत कमी होत जाते. माठात पाणी ओतलेच नाही तर त्याचे पाझरणे थांबते. शरीरातील पाणी फार घटले तर घामही आटतो, आणि तेव्हा उष्माघाताचे भय निर्माण होते.

पाणी किती प्यावे?

‘रोज आठ पेले पाणी प्या’ हे वचन सर्वत्र ऐकू येते. १९४५ साली अमेरिकेतील पोषणविषयक मंडळाने प्रौढ माणसास दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते. परंतु त्यातील बराचसा भाग अन्नातूनच मिळतो, हेही त्याच ठिकाणी सांगितले होते. वचनाचा पहिला भाग लोकांच्या तोंडी राहिला, दुसरा मागे पडला. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या शरीरशास्त्रज्ञाने या विषयावरील साहित्य तपासले, तेव्हा आठ पेल्यांच्या नियमाला शास्त्रीय आधार सापडला नाही.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली दिलेल्या मानानुसार ४ ते ८ वर्षांच्या मुलास दिवसाकाठी १.६ लिटर, ९ ते १३ वर्षांच्या मुलीस १.९ लिटर व त्याच वयाच्या मुलास २.१ लिटर पाणी पुरेसे होते. यात भात, वरण, भाजी, दूध, ताक व फळे यांतील पाणीही धरलेले आहे. मात्र हे मान सौम्य हवेचे आहे. वैशाखात पायपीट करून शाळेत येणाऱ्या व मैदानावर धावणाऱ्या मुलास यापेक्षा अधिक पाणी लागेल हे उघड आहे.

भरपूर पाणी प्याल्याने त्वचा तेजस्वी होते, असेही पुष्कळ वेळा सांगितले जाते. शिक्षकाने येथे अतिशयोक्ती टाळावी. जो मुळात कमी पाणी पितो, त्याने ते पुरेसे प्यावयास आरंभ केला तर त्वचेची स्थिती काहीशी सुधारते. जो पुरेसे पितो, त्याने आणखी दोन तांबे रिचविल्याने त्याच्या त्वचेत विशेष फरक पडत नाही. जादा पाणी मूत्रावाटे निघून जाते. पाण्याने वर्ण उजळतो, हे तर सर्वस्वी खोटे आहे. वर्णाचा पाण्याशी काहीही संबंध नाही, आणि काळी त्वचा ही गोऱ्या त्वचेइतकीच निरोगी असते, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. वर्गातील एखादे मूल त्या वाक्याची कित्येक दिवस वाट पाहत असते.

२. प्रत्यक्ष पाठ

उद्देश : (अ) त्वचा, घाम व पाणी यांचा संबंध प्रयोगाने समजणे. (आ) त्वचेची घरगुती काळजी कशी घ्यावी हे कळणे. (इ) शरीरातील पाणी कमी झाल्याची खूण ओळखता येणे.

वेळ : प्रत्येकी ३५ मिनिटांच्या दोन तासिका.

साहित्य : लिंबाच्या सालीचे दोन-तीन दिवस उन्हात कडक वाळवलेले तुकडे, दोन वाट्या, पाणी, गोडे तेल, पारदर्शक प्लॅस्टिकची लहान पिशवी, सुती दोरा, माठ.

पूर्वतयारी : पाठाच्या तासभर आधी सालीचे दोन तुकडे पाण्यात व एक तुकडा तेलात टाकून ठेवावा. एक तुकडा तसाच कोरडा ठेवावा.

प्रस्तावना : पुढील प्रश्नोत्तरे नमुन्यादाखल दिली आहेत.

शिक्षक : मुलांनो, थंडीच्या दिवसांत पोटरीवर नख ओढले तर काय दिसते?
विद्यार्थी : पांढरी रेघ, गुरुजी.
शिक्षक : पावसाळ्यात अशी रेघ उमटते का?
विद्यार्थी : नाही गुरुजी. तेव्हा अंग कोरडं नसतं.
शिक्षक : मग कोरडे अंग मऊ करण्यास काय करावे?
विद्यार्थिनी : तेल लावावं. माझी आजी आंघोळ झाल्यावर ओल्या अंगालाच तेल लावते.
शिक्षक : ओल्याच अंगाला का? कोरड्याला का नाही?
विद्यार्थिनी : ते आजीला ठाऊक, गुरुजी.
शिक्षक : तुझ्या आजीचे करणे बरोबर आहे. ते बरोबर कसे, ते आज आपण शोधून काढू.

प्रयोग पहिला : सालीचे चारही तुकडे मुलांच्या हाती द्यावेत. कोरडा तुकडा वाकवताना मोडतो. तेलातील तुकडा चकाकतो, पण ताठरच असतो. पाण्यातील तुकडे मऊ झालेले असतात. ‘मऊ कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच देतील. आता पाण्यातील दोन तुकड्यांपैकी एकाला टिपून तेलाचा हात लावावा, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्ही वाऱ्यावर ठेवून द्यावेत. शाळा सुटण्यापूर्वी ते पुन्हा पाहावेत. बिनतेलाचा तुकडा अधिक लवकर वाळू लागलेला आढळेल. आजीच्या तेलाचे रहस्य मुलांना येथे कळते.

प्रयोग दुसरा : एका विद्यार्थ्याचा हात कोरडा पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा व मनगटाशी दोरा सैल बांधावा. काही मिनिटांत पिशवीच्या आतील बाजूस दव जमा होते. मूल पळाले नाही, घामाघूम झाले नाही, तरी त्वचेतून पाणी बाहेर पडतच आहे, हे सर्वांना दिसते. पिशवी कोणीही तोंडावर किंवा डोक्यावर घालू नये, अशी सक्त ताकीद आधीच द्यावी व प्रयोग संपताच पिशवी शिक्षकाने स्वतःजवळ घ्यावी.

प्रयोग तिसरा : प्रत्येकाने एका हाताची मागील बाजू ओली करावी व दोन्ही हातांवर सारखीच फुंकर मारावी. ओला हात गार लागतो. लगेच सर्वांनी माठाच्या अंगाला हात लावून पाहावा. ‘माठ आणि आपली त्वचा यांत सारखे काय?’ असा प्रश्न विचारावा.

फलकलेखन :
त्वचेला मऊ ठेवते ते पाणी.
पाणी राखते ते तेल.
घाम वाळला की अंग गार होते.
जेवढे पाणी गेले तेवढे पुन्हा प्यावे.

उपयोजन : त्वचेच्या काळजीचे पुढील नियम मुलांकडून काढून घ्यावेत. हिवाळ्यात अंघोळीचे पाणी कढत नसावे, कोमट असावे. कढत पाणी व साबणाचा अतिरेक यांनी विटांमधील चुना धुऊन जातो. अंग खसखसून न पुसता टिपावे आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा गोडे तेल थोडेसे लावावे. फुटलेले ओठ जिभेने चाटू नयेत, कारण लाळ वाळताना ओठ अधिकच कोरडे पडतात. त्यांना तूप लावावे. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे मात्र कधीही सोडू नये. हात कोरडे पडत असतील तर नंतर तेलाचे बोट फिरवावे. उन्हातून आल्यावर साधे पाणी, ताक, पन्हे किंवा कोकमाचे सरबत घ्यावे. तहान लागली म्हणजे पाणी प्यावेच. परंतु मुलांना खेळाच्या नादात तहानेचे भान राहत नाही, म्हणून खेळाच्या आधी व नंतर न चुकता प्यावे.

३. चिमटीची परीक्षा

पाठाच्या दुसऱ्या तासिकेत त्वचेचा एक अधिक गंभीर उपयोग शिकवावयाचा आहे. शरीरातील पाणी घटले, की त्याचा परिणाम त्वचेवर उमटतो. त्वचेचा ताण कमी होतो. दोन बोटांच्या चिमटीत त्वचा हलकेच उचलून सोडली असता निरोगी मुलाची त्वचा तत्काळ पूर्ववत होते. पाणी घटलेले असेल तर ती सावकाश बसते. दोन सेकंदांहून अधिक वेळ ती तशीच उभी राहिली, तर पाण्याची घट अतितीव्र आहे असे समजावे. आजारी मुलाच्या बाबतीत ही परीक्षा पोटावरील त्वचेवर करतात. वर्गात मुलांनी ती आपल्या हाताच्या मागील बाजूवर करून पाहावी, म्हणजे निरोगी त्वचा कशी वागते हे ध्यानात येईल.

या परीक्षेची मर्यादाही शिक्षकास ठाऊक हवी. वृद्धांची त्वचा वयोमानानेच सावकाश बसते. अतिशय कृश मुलाची त्वचा पाणी पुरेसे असूनही सावकाश बसू शकते, आणि अंगावर सूज असलेल्या मुलाची त्वचा पाणी घटूनही चटकन बसू शकते. म्हणून चिमटीबरोबर इतर खुणाही पाहाव्यात : डोळे खोल गेलेले, मूल सुस्त किंवा चिडचिडे, पाणी दिल्यास अधाशीपणे पिणारे, रडताना अश्रू नाहीत, लघवी थोडी व गडद पिवळी. मूल पाणी पिण्याइतकेही शुद्धीवर नसेल, तर क्षणाचाही विलंब न करता त्यास रुग्णालयात पोचवावे.

जुलाबाच्या मुलाला पाणी देऊ नये, त्याने जुलाब वाढतात, हा समज अजूनही काही घरांत आहे. तो घातक आहे. आतड्यांत साखर व मीठ एकत्र असले म्हणजे साखरेबरोबर मीठ व मिठाबरोबर पाणी शोषले जाते. ही जोडी कशी चालते याची उपपत्ती रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथील परिषदेत मांडली. तिचा मोठा प्रत्यय आला तो १९७१ साली, आपल्याच देशात. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेवाटे द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत तयार करवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० होते; या उपचाराने ते शेकडा ४ च्याही खाली आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हणून गौरविले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. बनगावातील रुग्णांना पेला भरून पाजणारे आईबाप, भाऊबहिणी होते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. हे काम त्यांनाही करता येण्यासारखे आहे.

जलसंजीवनीची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात व आशाताईंकडे मिळते. एक लिटरची पुडी उकळून गार केलेल्या पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवावी. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात, असे करू नये. तयार द्रावण २४ तासांच्या आत वापरावे, उरलेले फेकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ याहून अधिक पडता कामा नये. द्रावणाची चव अश्रूंपेक्षा खारट नसावी. दोन वर्षांवरील मुलास दर जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर, त्याहून लहान मुलास ५० ते १०० मिलिलिटर द्रावण चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये, व मोठ्या मुलाचे अन्नही तोडू नये. दुकानातील गोड पेये ही जलसंजीवनी नव्हेत. विष्ठेत रक्त असेल, ताप असेल किंवा मूल काही पिऊ शकत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. जुलाबाच्या मुलास जस्ताच्या गोळ्याही देतात. त्या किती व किती दिवस द्यावयाच्या हे आरोग्य सेविका सांगेल.

४. मुले शाळेत पाणी का पीत नाहीत?

वरील सर्व पाठ उत्तम झाला, परंतु मुलांना शाळेत पाणी पिता येत नसेल, तर तो फळ्यावरच राहिला असे म्हणावे लागेल. एक साधा हिशोब करून पाहावा. वाडीवरून येणारी मुलगी सकाळी साडेनऊला घर सोडते आणि सायंकाळी साडेपाचला परत पोचते. हे आठ तास होतात. या आठ तासांत ती पाणी पीत नसेल, तर तिच्या जागृतावस्थेतील निम्म्याहून अधिक काळ निर्जळी जातो. अशा मुलीचे डोके दुपारी दुखते, गणिताच्या तासाला तिचे लक्ष लागत नाही, मलावरोध जडतो, पुढे मूत्रमार्गाचा दाहही होऊ शकतो. तिला आळशी किंवा मंद समजले जाते.

ती पाणी का पीत नाही, हे विचारले तर ती खाली मान घालील. कारण सांगण्यास ती लाजते. शाळेतील मुतारीला कडी नसते, किंवा आत पाणी नसते, किंवा वाट मुलांच्या खेळाच्या जागेवरून जाते. लघवीला जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असे ठरवून दिले आहे. कागदावर स्वच्छतागृह असणे व मुलीला निःसंकोचपणे वापरता येणे यांत अंतर आहे. हे अंतर मोजणे मुख्याध्यापकांचे काम होय. दाराची कडी, आतील बादली व तांब्या, दिवसातून एकदा झालेली स्वच्छता या गोष्टी मुख्याध्यापकांनी स्वतः पाहाव्यात. मुलींना काय अडचण आहे हे शाळेतील बाईंनी, किंवा बाई नसतील तर अंगणवाडीताईंनी, एकांतात विचारून घ्यावे.

दुसरे कारण वर्गातच आहे. मुलाने करंगळी वर केली, की ‘आत्ताच मधली सुट्टी झाली ना? बस खाली’ असे उत्तर मिळते. वर्गाच्या शिस्तीसाठी हे बोलले जाते, यात शंका नाही. परंतु दोनदा असे ऐकलेले मूल तिसऱ्यांदा पाणी पिण्याचेच टाळते. काही मुले करंगळीचा उपयोग वर्गाबाहेर भटकण्यासाठी करतात, हेही खरे. तथापि त्या दोन-तीन मुलांसाठी उरलेल्या सर्वांनी तहानलेले राहावे, हा न्याय नव्हे.

यावर एक सोपा उपाय २०१९ साली केरळातील काही शाळांनी सुरू केला, व पुढे इतर राज्यांनीही तो उचलला. तो म्हणजे पाण्याची घंटा. दिवसातून ठराविक वेळी घंटा वाजते आणि सर्व मुले एकाच वेळी पाणी पितात. आपल्या शाळांतून पहिल्या दोन तासिकांनंतर, मधल्या सुट्टीच्या शेवटी व दुपारच्या सत्रात एकदा, अशा तीन घंटा पुरेशा होतील. प्रत्येक घंटेनंतर पाच मिनिटांची सवड ठेवावी, म्हणजे लघवीचीही सोय होते व करंगळ्याही कमी वर होतात. सकाळच्या शाळेत दोन घंटा ठेवाव्यात. घंटा वाजल्यावर शिक्षकांनीही मुलांदेखत पाणी प्यावे. मुले उपदेशापेक्षा अनुकरण लवकर करतात.

पाण्याची व्यवस्था करताना माठ रोज घासून भरावा, झाकण असावे, पाणी ग्रामपंचायतीने शुद्ध केलेले असावे. शंका असल्यास उकळून घ्यावे. माठात हात न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने पाणी घ्यावे. पाणी भरणे व वाटणे हे काम पाळीपाळीने सर्व मुलांकडे द्यावे. त्यात मुलगा-मुलगी किंवा जात असा भेद राहता कामा नये. एकाच माठातील पाणी एकाच ओगराळ्याने सर्वांनी घेणे हाही एक पाठच आहे.

५. सावधगिरी

त्वचेच्या प्रत्येक तक्रारीचे कारण पाण्याची कमतरता नसते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर पुरळ ही खरजेची लक्षणे आहेत. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. तिला औषध हवे, आणि ते घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. कडेने उठलेला वर्तुळाकार चट्टा बहुधा नायट्याचा असतो. गालांवरील फिकट, किंचित खडबडीत डाग मुलांत पुष्कळ आढळतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. अशा मुलाला वर्गात काहीही न बोलता, पालकांना विश्वासात घेऊन, आरोग्य केंद्रात पाठवावे. कुष्ठरोग वेळीच घेतलेल्या औषधाने पूर्ण बरा होतो. कोणत्याही त्वचारोगाच्या मुलाला वेगळे बसवून त्याचा उपहास होऊ देऊ नये.

६. स्वाध्याय

१. घरातील वडील माणसांना विचारून, हिवाळ्यात व उन्हाळ्यात त्वचेची काळजी ते कशी घेत, हे पाच वाक्यांत लिहा. त्यांतील कोणत्या रीतीचे कारण आजच्या प्रयोगात सापडले?
२. वर्गात ३० मुले आहेत. प्रत्येकाने शाळेत २०० मिलिलिटरचे ३ पेले पाणी प्याले, तर दिवसाला किती लिटर पाणी लागेल? १५ लिटरचा एक माठ पुरेल काय? (उत्तर : १८ लिटर, पुरणार नाही.)
३. आपल्या लघवीचा रंग आठवडाभर पाहा. फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद असेल त्या दिवशी दोन पेले अधिक प्या.
४. घरी आईसमोर साखर-मिठाचे द्रावण मोजून तयार करा व ते कसे केले हे आजीला किंवा शेजारच्या काकूंना समजावून सांगा.

तिसरा स्वाध्याय वर्गात जाहीरपणे विचारू नये. तो प्रत्येकाने स्वतःपुरता करावा. दुसऱ्या स्वाध्यायाचे उत्तर मात्र शिक्षकांनी आपल्या शाळेच्या पटसंख्येवर करून पाहावे आणि शाळेतील माठांची संख्या त्याच्याशी ताडून घ्यावी. चौथ्या स्वाध्यायाला अधिक महत्त्व द्यावे. एखाद्या घरी रात्री लहान भावंडाला जुलाब सुरू होतील, आरोग्य केंद्र दूर असेल, आणि चौथीतील मुलगी सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मोजून तांब्यात घालील, तेव्हा या पाठाची खरी परीक्षा होईल.